मेलेले मासे दिसतात, न जन्मलेले कोण मोजणार?

पंचगंगेत नाहीतर कृष्णेत मासे मेले की आमच्या भागात लगेच बातमी होते. मेलेल्या माशांचा खच, पुलावर गर्दी, मोबाईलवर व्हिडिओ, मग प्रदूषण मंडळाची माणसं येऊन बाटल्यांमध्ये पाणी भरून नेतात आणि आठवडाभरात विषय मागे पडतो. पाण्यातला ऑक्सिजन संपला हे कारण बहुतेक वेळा निघतं, मळीचं किंवा गटाराचं पाणी एकदम नदीत आलं की ती घाण कुजवणारे बॅक्टेरिया सगळा ऑक्सिजन वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. त्यावर ओरडलंच पाहिजे, दरवेळी ओरडलं पाहिजे. पण मी बरीच वर्षं कॉलेजात झूलॉजी शिकवते आणि प्रदूषणाचा टॉपिक आला की मला एक तळं आठवतं जिथे असा खच कधी पडलाच नाही. पाणी नितळ होतं, दुर्गंधी नाही, फेस नाही, आणि तरी तिथली माशांची एक जात चार-पाच वर्षांत जवळजवळ संपली. ते तळं कॅनडात आहे, त्याला नाव सुद्धा नाही, फक्त नंबर आहे, लेक २६०.

त्या तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन टाकून माशांचं काय होतं ते बघायचा प्रयोग ज्यांनी केला त्या शास्त्रज्ञ म्हणजे कॅरन किड. तेव्हा त्या कॅनडा सरकारच्या मत्स्य खात्यात विनिपेगला होत्या, नंतर न्यू ब्रुन्सविक युनिव्हर्सिटीत गेल्या आणि आता मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत आहेत. एकट्या नव्हत्या अर्थातच, मोठी टीम होती, पण २००७ साली जो पेपर आला त्यावर पहिलं नाव त्यांचं आहे आणि माझ्या मते गोड्या पाण्यातले मासे आणि प्रदूषण या विषयावर आपल्या पिढीत झालेल्या सगळ्यात महत्त्वाच्या कामांपैकी हे एक आहे. मराठीत याबद्दल फारसं लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जागेबद्दल. ऑन्टारियोच्या वायव्य भागात, केनोरा गावापासून आत जंगलात, ५८ छोटी तळी १९६८ पासून फक्त संशोधनासाठी राखून ठेवलेली आहेत, एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया. इथला विचार असा की बाटलीत किंवा काचेच्या टाकीत प्रयोग करून तळ्याचं काय होईल ते कळत नाही, तळ्यावरच प्रयोग करावा लागतो. तिथले शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांनी जे केलं ते तर पुस्तकातच असतं. १९७३ मध्ये लेक २२६ च्या मधोमध, जिथे ते अरुंद होतं तिथे, त्यांनी प्लास्टिकचा पडदा लावला, एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्या बाजूला तेच दोन अधिक फॉस्फरस, आणि फॉस्फरसची बाजू शेवाळाने हिरवीगार झाली. विमानातून काढलेला तो फोटो बघितला की दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा शेवाळाला फॉस्फरस जबाबदार की कार्बन यावर मोठा वाद चालू होता आणि साबणातलं फॉस्फेट कमी करा म्हणणाऱ्यांना या कामाने मोठं बळ दिलं.

नंतर १९७६ पासून शिंडलर यांच्या टीमने लेक २२३ मध्ये थोडं थोडं सल्फ्युरिक आम्ल टाकलं, आम्लाच्या पावसाने काय होतं ते बघायला. तिथे मोठे ट्राउट मासे आम्लाने मेले नाहीत, त्यांचं खाणं असलेले छोटे मासे आणि कोळंबीसारखे जीव आधी गेले आणि ट्राउट उपाशी पडून नुसती हाडं राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे परत असंच काहीतरी येणार आहे.

आता इंग्लंड. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या खालच्या अंगाला गळ टाकून मासे पकडणाऱ्या लोकांना विचित्र रोच मासे मिळायला लागले, नर का मादी तेच कळेना, एकाच माशात दोन्हीची लक्षणं. ब्रुनेल युनिव्हर्सिटीचे जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग नर ट्राउट पिंजऱ्यात घालून सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ठेवले. त्या नरांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन सापडलं, आणि तेही भरपूर. व्हायटेलोजेनिन म्हणजे अंड्याचा बलक ज्यापासून बनतो ते प्रोटीन, मादीच्या यकृतात इस्ट्रोजेनच्या, म्हणजे मादीच्या हार्मोनच्या, हुकुमाने तयार होतं, नराला त्याचं काही कामच नाही. नराच्या रक्तात ते दिसलं म्हणजे त्याच्या यकृताला कुठूनतरी इस्ट्रोजेनचा निरोप जातोय. १९९८ मध्ये सुझन जॉबलिंग आणि सम्प्टर वगैरेंनी इंग्लंडमधल्या नद्यांचा सर्व्हे छापला, त्यात काही ठिकाणी केंद्राच्या खाली पकडलेल्या प्रत्येक नर रोचच्या शरीरात कमीजास्त प्रमाणात मादीपण सापडलं. आणि ते पाणी तपासलं तेव्हा त्यात माणसाच्या शरीरातून येणारे नैसर्गिक इस्ट्रोजेन होते आणि गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिल इस्ट्राडायॉल पण होतं.

इथिनिल इस्ट्राडायॉल हे नाव लांबचं वाटेल पण आशाताई गावात वाटतात ती माला-एन, किंवा दुकानात मिळते ती माला-डी, त्यातल्या २१ हार्मोनच्या गोळ्यांत हेच असतं, एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम. गोळी घेतली की यकृत या रेणूला दुसरा एक रेणू जोडून त्याला निष्क्रिय करतं आणि लघवीवाटे विष्ठेवाटे बाहेर टाकतं. इथपर्यंत ठीक. पण गटारात आणि ड्रेनेजच्या टाक्यांत जे बॅक्टेरिया असतात ते ती जोडणी तोडतात आणि रेणू परत जागा होतो. नैसर्गिक इस्ट्रोजेनपेक्षा हा चिवट आहे, लवकर मोडत नाही, साध्या प्रक्रिया केंद्रातून थोडा तरी सुटून पुढे जातोच.

पण विचित्र मासे सापडले म्हणून माशांची संख्या कमी होते असं थेट म्हणता येत नाही ना. सांडपाण्यातल्या इस्ट्रोजेनने मासे कमी होतात हे न मानणारे नेमकं हेच म्हणत होते, आणि त्यांचं म्हणणं शास्त्राच्या दृष्टीने अगदीच चुकीचं नव्हतं. नदीत शंभर गोष्टी असतात, धातू, कीटकनाशकं, साबण, उष्णता, बंधारे, त्यातल्या कशाने काय झालं ते वेगळं कसं काढणार? त्यामुळे किड यांनी ठरवलं की एक स्वच्छ तळं घ्यायचं, त्यात फक्त हा एकच पदार्थ टाकायचा, शहराच्या सांडपाण्यात जेवढा सापडू शकतो साधारण तेवढाच, आणि माशांकडे बघत राहायचं.

लेक २६० साधारण ३४ हेक्टरचं आहे. १९९९ पासून त्यांनी आधी नुसतं मोजलं, काहीच न टाकता, किती मासे, किती लांब, नर किती मादी किती. शेजारची तळीही तुलनेसाठी धरली, तिथे काहीच टाकायचं नव्हतं. मग २००१, २००२ आणि २००३ असे तीन उन्हाळे तळ्यात इथिनिल इस्ट्राडायॉल सोडलं, पाण्यातलं प्रमाण लिटरला पाच ते सहा नॅनोग्रॅम राहील असं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. मी वर्गात फळ्यावर हे गणित करते, एका गोळीतले ३० मायक्रोग्रॅम घेतले आणि ते सगळेच्या सगळे पाण्यात मिसळले असं धरलं तर लिटरला ५ नॅनोग्रॅमने ६,००० लिटर पाणी होतं. सहा हजार लिटर म्हणजे सोसायटीत पाणी घेऊन येणारा एक छोटा टँकर. एका गोळीत एक टँकर, असं म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं पण वर बघतात.

आता जो मासा बघायचा होता तो फॅटहेड मिनो. बोटभर लांबीचा, दोन-तीन वर्षं जगणारा, तळ्यातल्या मोठ्या माशांचं रोजचं खाणं. विणीच्या दिवसांत नराचं डोकं फुगीर आणि काळपट होतं, त्यावर पुटकुळ्या येतात, तो एखाद्या दगडाच्या किंवा ओंडक्याच्या खालची जागा साफ करून धरून ठेवतो, मादी येऊन त्या जागेच्या छताला, म्हणजे दगडाच्या खालच्या अंगाला, अंडी चिकटवून जाते आणि पुढे अंडी राखायचं सगळं काम बापाचं. पिल्लं बाहेर येईपर्यंत तो तिथून हलत नाही, अंडी चोळून स्वच्छ ठेवतो, दुसरा मासा आला तर हाकलतो. असं असताना त्या बापालाच आतून बदलून टाकलं तर काय होईल विचार करा.

पहिल्याच उन्हाळ्यात नरांमध्ये व्हायटेलोजेनिन हजारो पटींनी वाढलं. पुढच्या वसंतात, म्हणजे २००२ मध्ये, नर तपासले तर वृषणांची वाढच थांबलेली, आणि पुढे काही नरांच्या वृषणात चक्क अंडपेशी सापडल्या. माद्याही सुटल्या नाहीत, त्यांच्या अंडाशयात अंडी पक्व व्हायची प्रक्रिया बिघडली. यातलं काहीही तळ्याच्या काठावर उभं राहून दिसलं नसतं हे मला फार महत्त्वाचं वाटतं, मासे पोहत होते, खात होते, जाळ्यात येत होते.

मग आकडे बोलायला लागले, आणि पेपरमधला जो ग्राफ मी सगळ्यात जास्त वेळा दाखवते तो इथेच येतो. ग्राफ अगदी साधा आहे, माशांच्या लांबीचा. दरवर्षी पकडलेले मासे लांबीप्रमाणे मांडले की निरोगी तळ्यात दोन ढीग दिसतात, एक छोट्या म्हणजे त्या वर्षी जन्मलेल्यांचा आणि एक मोठ्यांचा. लेक २६० मध्ये औषध टाकायला सुरुवात झाल्यावर छोट्यांचा ढीग बसत गेला आणि मग दिसेनासाच झाला. मोठे मासे होते अजून, आधीच्या वर्षांचे, पण त्यांच्या मागे कोणी येत नव्हतं. आणि मिनोचं आयुष्यच मुळात दोन-तीन वर्षांचं, त्यामुळे एक-दोन वर्षं पिल्लं झाली नाहीत की म्हातारे मरतात आणि संपलं. २००५ पर्यंत या तळ्यात फॅटहेड मिनो जवळजवळ उरले नव्हते. शेजारच्या तळ्यांत मात्र ते नेहमीसारखे होते.

आणि वर मी लेक २२३ चे ट्राउट लक्षात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी, २०१४ मध्ये किड आणि सहकाऱ्यांनी पुढचा पेपर छापला त्यात इथल्या लेक ट्राउटचं एकूण वजन कमी झाल्याचं दिसलं. ट्राउट खूप वर्षं जगतो, त्याच्यावर त्या औषधाचा थेट परिणाम इतक्या लवकर संख्येत दिसला नसता, पण त्याचं खाणं गेलं. उलट छोटे मासे कमी झाल्यावर ते जे खायचे ते कीटक आणि पाण्यातले सूक्ष्म प्राणी वाढले. एका रेणूने वर पण ओढलं आणि खाली पण.

मला या कामातून जे घ्यायचं वाटतं ते आपल्याकडच्या एका नियमाशी जोडलेलं आहे. आपल्या देशात कारखान्यातून सोडायच्या पाण्यासाठी जी मानकं आहेत त्यात माशांची पण एक टेस्ट आहे, बायोअ‍ॅसे. शंभर टक्के सांडपाण्यात मासे ९६ तास ठेवायचे आणि ९० टक्के मासे जगले पाहिजेत. टेस्ट म्हणून ती चांगलीच आहे, जे पाणी चार दिवसांत मासा मारतं ते नदीत जाताच कामा नये. पण लेक २६० चं पाणी या टेस्टला लावलं असतं तर ते आरामात पास झालं असतं! ९६ तास काय, त्या पाण्यात मासे महिनोन्‌महिने जगत होते. आणि शहराच्या सांडपाण्याचं तर बीओडी, सीओडी (घाण कुजायला किती ऑक्सिजन लागेल त्याची मापं), गाळ, कोलिफॉर्म म्हणजे विष्ठेतले बॅक्टेरिया असंच सगळं मोजलं जातं, त्यात हार्मोनचा कॉलम नाही. म्हणजे आपली सगळी मोजणी मासा आज मेला का एवढ्यावर उभी आहे, त्याला पुढच्या वर्षी पिल्लं झाली का हे विचारणारं कोणी नाही. मला हे खरंच अस्वस्थ करतं, कारण आपल्याकडे विचारायला पाहिजे अशा नद्या कितीतरी आहेत.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहायची आहे. हे ऐकलं की काही लोक लगेच गोळी घेणाऱ्या बायकांवर येतात, मी स्टाफरूममध्ये ऐकलंय. गोळीमुळे कितीतरी बायकांना दोन बाळंतपणांत अंतर ठेवता आलं, शिकता आलं, जीव वाचला, त्यावर बोट दाखवायचा कोणाला अधिकार नाही. आणि सांडपाण्यातलं इस्ट्रोजेन फक्त गोळीचं नसतंच, प्रत्येक माणसाच्या आणि गुराच्या शरीरातून ते येतं, प्लास्टिक आणि डिटर्जंटमधली काही रसायनं पण तसंच वागतात. दोष कुणाच्या औषधात नाही, सांडपाणी नीट साफ न करता सोडण्यात आहे. औषध बनवतानाचं सांडपाणी हा तर अजून वेगळा विषय, हैदराबादजवळ पाटणचेरूला स्वीडनच्या योआकिम लार्शन यांच्या टीमने (२००७ साली छापलेल्या कामात) औषध कारखान्यांचं पाणी जिथे साफ होतं त्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं तर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं, औषध घेणाऱ्या माणसाच्या रक्तातही एवढं नसतं. गिधाडांचं काय झालं ते आपण बघितलंच आहे, डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं मेली. औषध माणसासाठी किंवा गाईसाठी चांगलं आहे म्हणून ते पुढे कुठे जातं ते बघायचं नाही असं चालत नाही.

बरं, चांगली बातमी पण आहे आणि ती मी मुद्दाम पोरांना सांगते कारण नाहीतर प्रदूषण शिकवताना वर्गाचं तोंड उतरून जातं. औषध टाकणं २००३ नंतर बंद केलं पण टीम तळं सोडून गेली नाही, पुढे सात वर्षं मोजत राहिली. तीन वर्षांनी नरांमधलं व्हायटेलोजेनिन आधीच्या पातळीला आलं, वृषणातल्या विकृती दिसेनाशा झाल्या, आणि चौथ्या वर्षीच्या वसंतात माशांची संख्या आणि लांबीचे ते ढीग पहिल्यासारखे झाले. जनुकीय तपासणीत कळलं की हे मासे बाहेरून आलेले नाहीत, जे मोजके वाचले होते त्यांचीच ही पोरंबाळं. २०१५ मध्ये पॉल ब्लँचफिल्ड आणि किड वगैरेंनी ते छापलं. म्हणजे येणारं थांबवलं तर मासे परत येतात, वेळ लागतो पण येतात. आणि थांबवता येतं. ओझोन नाहीतर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावला तर असे रेणू बऱ्याच प्रमाणात निघतात, स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांवर ते कायद्याने सुरू केलं, युरोपियन युनियनच्या २०२४ च्या नव्या नियमात तर त्याचा बहुतेक खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपन्यांनी द्यायचा आहे. आपल्याकडे आधी सगळं गटाराचं पाणी साध्या केंद्रापर्यंत तरी पोचायला हवं, ते मला मान्य आहे, पण नवीन केंद्रं बांधतोच आहोत तर पुढे हा टप्पा जोडता येईल एवढी जागा आणि विचार आत्ताच ठेवायला काय हरकत आहे.

ही तळी पण सहज टिकलेली नाहीत. २०१२ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने खर्च वाचवायला हे केंद्र बंद करायचं जाहीर केलं होतं, जगभरच्या शास्त्रज्ञांनी आणि तिथल्या सामान्य लोकांनी आवाज उठवला, आणि २०१४ पासून विनिपेगची एक स्वतंत्र संस्था ते चालवते. इतक्या वर्षांचा सलग डेटा एकदा तुटला की पैसे घालून परत मिळत नाही. आपल्या नद्यांवर तर असा सलग डेटा सुरूच फार कमी ठिकाणी झालाय.

म्हणून आमच्या काही माजी विद्यार्थ्यांबरोबर यंदा एक छोटं काम करायचं ठरलंय. व्हायटेलोजेनिन मोजायची सोय आमच्याकडे नाही, पण लांबी मोजायला फूटपट्टी लागते. प्रयाग चिखलीला, म्हणजे कोल्हापूर शहराच्या वर, आणि खाली शिरोळकडे, अशा दोन जागी पावसाळ्यानंतर भोई मंडळींच्या जाळ्यात जे छोटे मासे येतात ते त्यांच्या परवानगीने मोजायचे, लांबी लिहायची आणि परत द्यायचे. मोठ्या माशांच्या मागे आपण कायम लागतो, मरळ आली का, वाम मिळाली का, पण विकले न जाणारे बोटभर मासे कोणी लिहून ठेवत नाही. छोट्यांचा ढीग खालच्या अंगाला कमी दिसला तरी त्याने हार्मोनचा दोष सिद्ध होणार नाही हे मला माहीत आहे, बारीक भोकांची जाळी असेल, बंधाऱ्याचं साचलेलं पाणी असेल, चिलापीने पिल्लं खाल्ली असतील, ऑक्सिजनचा प्रश्न असेल. पण किड यांनी पण पहिली दोन वर्षं नुसतं मोजलंच होतं. जाळ्याच्या भोकांचं माप दोन्हीकडे एकच ठेवायचं, तारीख, पाण्याचं तापमान आणि ऑक्सिजन लिहायचा, आणि निदान पाच वर्षं खंड पडू द्यायचा नाही एवढं ठरलंय. ऑक्सिजन मीटर एका माजी विद्यार्थ्याने दिलाय, वह्या आणल्या आहेत, चिखलीच्या बाजूच्या दोन भोई काकांशी बोलणं झालंय, शिरोळकडे अजून बोलायचंय.